पुण्यातली ‘स्वच्छ’ची दारोदार कचरा सेवा : महिन्याच्या शंभर रुपयांत नेमकं काय मिळतं?

पुण्यात नव्याने राहायला आलेल्या माणसाला पहिल्या महिन्यातच एक प्रश्न पडतो. मिळकतकर महापालिकेला भरायचा, मग दाराशी कचरा न्यायला येणाऱ्या ताईंना वेगळे पैसे कशाचे? सोसायटीच्या ग्रुपवर यावर दर वर्षी एकदा तरी वाद होतो. उत्तर सरळ आहे. ताई महापालिकेच्या पगारी नोकर नाहीत. कचरावेचकांनीच उभारलेल्या ‘स्वच्छ’ सहकारी संस्थेच्या त्या सभासद आहेत. घराकडून येणारं शुल्क आणि सुक्या कचऱ्यातल्या भंगाराची विक्री, ही त्यांची कमाई. दारातून कचरा गोळा करायचं काम महापालिकेने २००८ च्या कराराने या संस्थेकडे दिलं.

आमचं मत आधीच सांगून टाकतो. कचरा वेगळा करून देणाऱ्या घरासाठी ही शहरातली सगळ्यात भरवशाची आणि वाजवी सेवा आहे. सगळं एकाच काळ्या पिशवीत कोंबून गाठ मारणाऱ्या घराला ती कधीच समाधानकारक वाटणार नाही. आणि या सेवेत जिथे जिथे खोट आहे, तिथे थोडं खणलं तर बहुतेक वेळा एकच गोष्ट सापडते : कामगाराला द्यायचा एखादा हक्क महापालिकेने अर्ध्यावर सोडलेला आहे.

हे नीट कळायला थोडं मागे जावं लागतं. १९७२ च्या दुष्काळात मराठवाड्यातून पुण्यात आलेल्या कुटुंबांतल्या अनेक बायका कचऱ्याच्या पेट्या उपसून कागद-पत्रा विकायच्या. बहुतेक दलित, बहुतेक निरक्षर. पोत्यात काही चांगलं दिसलं की चोरीचा संशय आणि पोलीस चौकी ठरलेली. १९९३ साली डॉ. बाबा आढाव यांच्या नेतृत्वाखाली कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत ही कचरावेचकांची संघटना उभी राहिली. नव्वदच्या दशकाच्या मध्यावर पंचायतीच्या ओळखपत्रांवर महापालिकेने आपली मोहर उठवली. एक कार्ड, त्यावर फोटो आणि नाव. पण त्या कार्डाने रस्त्यावरचा माणूस कामगार ठरला. पुढे २००२-०३ मध्ये नोंदणीकृत कचरावेचकांसाठी महापालिकेने आरोग्य विमा सुरू केला, २००७ मध्ये ‘स्वच्छ’ची सहकारी संस्था म्हणून नोंदणी झाली आणि मग करार आला. हा क्रम महत्त्वाचा आहे. आधी ओळख, मग विमा, मग काम. आज दारात घंटी वाजते ती या क्रमामुळे.

राज्यघटनेच्या बाराव्या अनुसूचीत महापालिकांकडे सोपवता येणाऱ्या कामांची यादी आहे. तिच्यात घनकचरा व्यवस्थापन आहे आणि दुर्बल घटकांच्या हिताचं रक्षणही आहे. बहुतेक शहरं ही दोन कामं दोन खात्यांत वाटून मोकळी होतात. पुण्याने ती एकाच ढकलगाडीवर ठेवली.

आता प्रत्यक्ष सेवा. साधारणपणे दोघींची जोडी असते आणि एका जोडीकडे दोन-तीनशे घरं. चौघांच्या घरातून रोज दीड-दोन किलो कचरा निघतो, म्हणजे या जोडीच्या हातून दिवसाला तीनशे ते सहाशे किलो जातो, तोही जिने चढून-उतरून. दारातून ओला आणि सुका वेगवेगळा घेतात, सॅनिटरी कचरा तिसरा. ओला कचरा बादलीतून महापालिकेच्या गाडीपर्यंत पोचवायचा. सुका बाजूला काढून वर्गवारी करायची. पुठ्ठा, रद्दी, पाण्याच्या बाटल्या, कडक प्लॅस्टिक, काच, पत्रा : प्रत्येकाचा भाव वेगळा. विकण्यालायक मालावर हक्क ताईंचा. करारातला हा मुद्दा सगळ्या सेवेचा कणा आहे, कारण त्यामुळे वर्गवारी नीट करण्यात कामगाराचा स्वतःचा फायदा असतो. टनावर पैसे मोजून घेणाऱ्या ठेकेदाराचं गणित उलटं असतं. कचरा जितका जड आणि जितका मिसळलेला, तितकं बिल मोठं. कागद बाजूला काढला तर त्याचं वजन घटतं, मग तो कशाला काढेल?

शुल्क सुरुवातीच्या काळात घरटी १० ते ३० रुपये होतं, आता ते शंभराच्या आसपास आहे. वस्त्यांमध्ये दर कमी असतो आणि तिथल्या घरांमागे महापालिका अनुदान देते. शंभर रुपये म्हणजे दिवसाला तीन-साडेतीन रुपये. पैसे दिले की पावती घ्यावी. सोसायटीने सगळ्या घरांचे पैसे एकत्र करून महिन्याच्या पहिल्या आठवड्यात दिले तर सगळ्यांचाच वेळ वाचतो, आणि ‘तिसऱ्या मजल्यावरच्यांनी चार महिने दिलेच नाहीत’ हा प्रकार बंद होतो.

कारण या सेवेतली सगळ्यात मोठी खोट इथेच आहे. एखाद्या घराने पैसे बुडवले तर तो तोटा महापालिकेचा नाही आणि संस्थेचाही नाही. तो थेट त्या बाईच्या खिशातून जातो. कचरा मात्र तिला उचलावाच लागतो, कारण न उचलल्यास तक्रार तिच्याच नावाने होते. सभासद स्वयंरोजगारित असल्याने पगारी रजा नाही, भविष्य निर्वाह निधी नाही. आजारी पडली तर बदली कोण येणार, हे बऱ्याचदा दोघी आपसातच ठरवतात. म्हणूनच ‘मधेच दोन दिवस कुणी आलंच नाही’ ही तक्रार पावसाळ्यात वाढते. तिला आळस म्हणणं अन्याय आहे. रजेची आणि बदलीची व्यवस्था पैसे मोजून करावी लागते आणि ते पैसे अजून कुणाच्याही अंदाजपत्रकात धड नाहीत.

घराने काय करायचं, ते आता तपशिलात. ओल्यासाठी झाकणाची बादली ठेवा, आत प्लॅस्टिकची पिशवी लावू नका. वर्तमानपत्राचा एक ताव तळाला पुरतो. पिशवी लावली की ती फाडून ओतावी लागते आणि ताईंच्या हाताला उरलेली आमटी लागते. भाजीतलं, ताटातलं पाणी आधी गाळून घ्या. पाणी राहिलं तर बादली जड होते आणि कचरा दुपारपर्यंत आंबतो. सुक्यासाठी एक मोठी पिशवी आठवडाभर पुरते. दुधाची पिशवी विसळून, पालथी वाळवून टाका आणि कापताना तिचा कोपरा पूर्ण तोडू नका, अर्धा जोडलेला राहू द्या. तो नखाएवढा तुकडा सुटा झाला की वेचता येत नाही, विकता येत नाही, आणि शेवटी गटारात किंवा नदीत जातो. पिशवीला चिकटलेला राहिला तर पिशवीबरोबर विकला जातो. पुठ्ठ्याची खोकी उलगडून सपाट करा. चिप्स-बिस्किटांची चकचकीत वेष्टनं आणि थर्माकोल यांना भंगारात सहसा कुणी विचारत नाही, पण तरीही ती सुक्यातच जातात.

काच आणि सुया हा वेगळा विषय आहे आणि त्यात हयगय नको. फुटलेला ग्लास जाड कागदात गुंडाळून, वर ‘काच’ लिहून हातात द्या. घरात इन्सुलिन घेणारं कुणी असेल तर वापरलेल्या सुया शाम्पूच्या किंवा फिनाईलच्या जाड रिकाम्या बाटलीत साठवा, भरली की झाकण घट्ट लावून चिकटपट्टी मारा आणि काय आहे ते सांगून द्या. कचऱ्यात सुटी टाकलेली सुई रबरी हातमोज्यातून आरपार जाते.

सॅनिटरी नॅपकिन आणि डायपर. २०१६ च्या घनकचरा नियमांनी हे नीट गुंडाळूनच टाकायला सांगितलं. पुण्यात त्यासाठी सोपी पद्धत रुळली आहे : वर्तमानपत्रात गुंडाळायचं आणि वर लाल ठिपका काढायचा. ठिपका दिसला की आत काय आहे हे बघायला कुणी ते उघडत नाही. घरात लाल पेन शोधायचं नसेल तर सभासद बायका जुन्या वर्तमानपत्रांपासून खास पिशव्या बनवून विकतात, त्या घ्या. न गुंडाळलेला डायपर सुक्या कचऱ्यात सापडला की त्या पिशवीतली रद्दीही वाया जाते आणि तो हाताने बाजूला काढायचं काम एका बाईवर येतं. रोज परक्या माणसाची विष्ठा हाताळायला लागू नये, ही मागणी सेवा-सुविधेच्या पलीकडची आहे. तिचा माणूस म्हणून असलेला हक्क या एका कागदाच्या गुंडाळीवर टिकतो. पंचायतीच्या कार्यकर्त्यांनी काही वर्षांपूर्वी वापरलेले नॅपकिन उत्पादक कंपन्यांना परत पाठवले होते, ते याच रागातून.

मोठ्या सोसायट्यांसाठी नियम आणखी कडक आहेत. २०१६ च्या नियमांनी ५००० चौरस मीटरपेक्षा मोठ्या गृहसंकुलांना ओला कचरा शक्यतो आवारातच जिरवायला सांगितलं. गांडूळखत, सौरऊर्जा किंवा पावसाचं पाणी साठवणं यांपैकी एक प्रकल्प चालू असेल तर महापालिका मिळकतकरातल्या सर्वसाधारण करात ५ टक्के आणि दोन असतील तर १० टक्के सवलत देते. प्रकल्प बंद पडला की सवलतही जाते. खत बिघडण्याची कारणं ठरलेली असतात. वास येतो तेव्हा पाणी जास्त झालेलं असतं : सुका पालापाचोळा किंवा कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) टाका आणि ढीग वर-खाली करा. मुंग्या आल्या तर ढीग कोरडा पडलाय. गांडुळं मरतात ती लिंबाच्या साली, खारट उरलंसुरलं आणि ताज्या कचऱ्याच्या उष्णतेने, म्हणून कचरा आठ-दहा दिवस वेगळा कुजवून मगच गांडुळांना द्यावा. हे रोज बघायला माणूस लागतो. ‘स्वच्छ’चे सभासद हे कामही वेगळं शुल्क घेऊन करतात, आणि माळ्याच्या गळ्यात ते मारण्यापेक्षा हा मार्ग चांगला, कारण एकाच हातात वर्गवारी आणि खत दोन्ही राहतं.

जुने कपडे, चपला, बंद पडलेला मिक्सर, मोडकं फर्निचर यांसाठी वेगळी संकलन मोहीम असते. या वस्तू रोजच्या बादलीत घालू नका. गणपतीत विसर्जन घाटांवर निर्माल्य वेगळं घेणारे हातही याच बायकांचे असतात.

आता महापालिकेबद्दल. करारानुसार हातमोजे, रेनकोट, ढकलगाडी, बादल्या ही साधनं द्यायची जबाबदारी तिची. ती वेळेवर आली नाहीत की जूनमध्ये ताई प्लॅस्टिकचा कागद डोक्यावर घेऊन येतात. दुसरा करार २०२० च्या अखेरीस संपला तेव्हा काही काळ छोट्या छोट्या मुदतवाढींवर काम चाललं आणि साडेतीन हजारांच्या आसपास सभासदांना आपली घरं पुढच्या महिन्यात आपल्याकडे असतील का, हे माहीत नव्हतं. ज्याला पुढचा महिना दिसत नाही तो नवी गाडी घेत नाही, मुलीच्या शाळेचं ठरवत नाही. लांब मुदतीचा करार, शुल्क बुडालं तर भरपाई देणारा निधी आणि प्रभागात वर्गवारीसाठी छप्पर असलेली जागा, या तीन गोष्टींवर आम्ही या सेवेचे गुण कापतो. तिसरी गोष्ट सगळ्यात स्वस्त असूनही सगळ्यात दुर्लक्षित आहे. आजही कित्येक ठिकाणी वर्गवारी फूटपाथवर, उन्हात बसून होते, मग शेजारचे दुकानदार ‘घाण करतात’ म्हणून तक्रार करतात आणि आरोग्य निरीक्षक ताईंनाच उठवतो.

कचरा वेगळा न केल्याची किंमत पुण्याबाहेरही मोजली गेली आहे. पुण्याजवळच्या उरुळी देवाची आणि फुरसुंगी या गावांतल्या लोकांनी शहराच्या कचरा डेपोविरुद्ध वर्षानुवर्षं आंदोलनं केली, गाड्या अडवल्या. त्यांच्या विहिरींचं पाणी शहराच्या मिसळलेल्या कचऱ्याने नासलं. कोथरूडमधल्या एका स्वयंपाकघरातल्या दोन बादल्यांचा संबंध त्या विहिरींशी आहे.

तुमच्या घरी कुणी येतच नसेल तर आधी प्रभागातल्या आरोग्य कोठीवर, म्हणजे महापालिकेच्या सफाई कामाच्या स्थानिक चौकीवर जा. आपली गल्ली कुणाकडे आहे ते तिथल्या मोकादमाला ठाऊक असतं. तोंडी सांगून काम झालं नाही तर क्षेत्रीय कार्यालयात लेखी द्या, इमारतीचं नाव, घरांची संख्या आणि कचरा न उचललेल्या तारखा लिहून, आणि पोच घ्या. तारखा नसलेली तक्रार सहसा पुढे सरकत नाही. कामगार उद्धट वागले, पैसे जास्त मागितले, असं असेल तर संस्थेकडे वेगळी तक्रार करता येते, पावती जोडा.

आणि सोसायटीच्या पुढच्या सभेत दोन ठराव मांडा. कचरा न्यायला येणाऱ्यांना लिफ्ट वापरता येईल. आवारातलं स्वच्छतागृह आणि पिण्याच्या पाण्याचा नळ त्यांच्यासाठी खुला राहील. सात मजले बादली हातात घेऊन उतरणाऱ्या बाईला सकाळी सहापासून दुपारी एकपर्यंत लघवीला जायला जागा नसते, म्हणून ती पाणीच पीत नाही. हा ठराव करायला महापालिकेची परवानगी लागत नाही आणि खर्च शून्य आहे.