आठ नळ्यांचं स्वस्त लॅम्प यंत्र: घेण्याआधी काय तपासावं

रंगावरून निकाल देणाऱ्या लॅम्प चाचणीची (एकाच तापमानावर डीएनएच्या प्रती वाढवून तो ओळखणारी चाचणी) स्वस्त यंत्रं, तयार असोत वा खुल्या आराखड्यावरून जुळवलेली, बहुतेक एकाच घडणीची असतात: आठ खाचांचा ॲल्युमिनिअमचा ठोकळा, खाली हीटर, तापमान मोजणारा १० किलोओमचा थर्मिस्टर, यंत्र चालवणारा ईएसपी३२ बोर्ड आणि टीसीएस३४७२५ हा रंग-सेन्सर. पीसीआर या डीएनए चाचणीसारखे तापमानाचे चढउतार इथे लागत नाहीत. ६५ अंश सेल्सिअस अर्धा तास टिकले की भागतं, म्हणून यंत्र इतक्या थोडक्यात बसतं. शिकण्या-शिकवण्यासाठी आणि पिकांवरच्या रोगांच्या प्राथमिक तपासणीसाठी ते नक्की घ्यावं. फक्त पडद्यावरचा आकडा खरा धरू नये.

पडद्यावर दिसतं ते ठोकळ्याचं तापमान. नळीतला द्रव बऱ्याचदा त्याहून थंड असतो, कारण खाच सैल असली की मध्ये हवेचा थर राहतो. कडेच्या खाचा तर हमखास मागे पडतात. तपासायचं असं: ०.२ मिलीलिटरच्या नळीत २५ मायक्रोलिटर पाणी, वर तेवढंच मिनरल ऑइल आणि त्यात के-टाइप थर्मोकपल या तापमापकाची बारीक तार. जाड प्रोब स्वतःच उष्णता ओढून घेतो, तो नको. दहा मिनिटं थांबून आठही खाचा मोजा. सगळ्या सारख्याच थंड असतील तर प्रोग्रॅममध्ये तेवढी भर घालून निभावतं. खाचाखाचांत दोन अंशांहून जास्त फरक असेल तर ठोकळ्याच्या कडा उष्णतारोधकाने झाका, तरी फरक राहिला तर यंत्र परत करा. ६० च्या खाली डीएनएच्या प्रती काढणारं बीएसटी पॉलिमरेज हे विकर मंदावतं आणि कमी डीएनए असलेला नमुना वेळेत रंग बदलत नाही. तो निगेटिव्ह वाटतो आणि चूक कोणाच्या लक्षातही येत नाही.

सांगाडा थ्रीडी प्रिंटरवर पीएलएचा छापलेला असेल तर घेऊच नका. ते प्लॅस्टिक ६० अंशांच्या आसपास मऊ पडतं, सेन्सर जागचा हलतो आणि सगळी वाचनं सरकतात. एबीएस प्लॅस्टिक चालतं.

झाकणाला वेगळा हीटर नसला तर वाफ वर जमून द्रव आटतो. तेलाचा थर हा सोपा उपाय आहे.

रंगवाचन हा या यंत्राचा सर्वांत चांगला भाग. टीसीएस३४७२५ चा आयटूसी पत्ता (बोर्ड त्याला ज्या क्रमांकाने ओळखतो तो) ०x२९ असा कायमचा ठरलेला असतो, त्यामुळे आठ सेन्सरांना एकेका सेन्सरला आळीपाळीने जोडणारा टीसीए९५४८ए हा मल्टिप्लेक्सर हवाच. तो नसून एकच सेन्सर सरकत असेल, तर तो दरवेळी नेमक्या त्याच जागी थांबतो का ते पाहा. फिनॉल रेड हे मिश्रणातलं, आम्लतेनुसार रंग बदलणारं द्रव्य गुलाबी असताना ५६० नॅनोमीटरजवळचा हिरवा प्रकाश शोषतं, पिवळं झालं की ४३० जवळचा निळा. म्हणून हिरव्या आणि निळ्या वाचनाचं गुणोत्तर पाहावं, पॉझिटिव्हमध्ये ते वाढतं. नुसता एकच रंग पाहिला तर एलईडी थोडा मंदावला तरी फसगत होते. त्याऐवजी हायड्रॉक्सीनॅफ्थॉल ब्लू हे रंगद्रव्य वापरत असाल तर लाल वाचन घटतंय का ते बघा. नळीत बुडबुडा असेल तर आलेखात अचानक उडी दिसते. आधी नळ्या सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवून घ्या.

दर मिनिटाचा आलेख साठवणारं यंत्रच घ्या, शेवटचा रंग तेवढा सांगणारं नको. प्रायमर (वाढ सुरू करून देणारे डीएनएचे छोटे तुकडे) एकमेकांना चिकटून होणारी खोटी वाढ सहसा उशिरा येते. शेवटी खरी आणि खोटी, दोन्ही नळ्या सारख्याच पिवळ्या दिसतात. आलेखात मात्र एक वर चढायला लागल्यानंतर कितीतरी वेळाने दुसरी चढलेली स्पष्ट दिसते. नळी पहिल्या मिनिटापासूनच पिवळी असेल तर दोष यंत्राचा नाही, नमुनाच आम्लधर्मी आहे. चाचणीचं मिश्रण मुद्दाम अगदी कमी बफरचं (आम्लता स्थिर ठेवणाऱ्या द्रव्याचं) ठेवलेलं असतं. उलट टीई बफरमधला डीएनए जास्त घातला तर वाढ होऊनही रंग गुलाबीच राहतो. पाण्यात घेतलेला १ ते २ मायक्रोलिटर नमुना पुरतो. कोरड्या बर्फातून आलेलं मिश्रणही कार्बन डायऑक्साइड शोषून पिवळट होतं.

प्रत्येक फेरीत दोन खाचा नियंत्रणासाठी जातात, एक पॉझिटिव्ह आणि एक बिनडीएनएची. म्हणजे नमुने सहाच. चाचणी झालेली नळी मात्र चाचणी करता त्या खोलीत कधीच उघडू नका. वाढलेला डीएनए हवेत आणि पिपेटवर पसरला की बिनडीएनएची नळीही पिवळी व्हायला लागते, आणि मग प्रायमर, पाणी, पिपेटची टोकं असं सगळंच बदलावं लागतं.