पुणं वरून बघायचं तर पर्वती की वेताळ टेकडी?

पाहुण्यांना अख्खं पुणं एका नजरेत दाखवायचं असेल, तर मी आधी पर्वतीवरच नेतो. शंभरेक पायऱ्या, त्याही रुंद आणि उतरत्या. आजीआजोबासुद्धा थांबत थांबत चढतात. नानासाहेब पेशव्यांनी १७४९ मध्ये बांधलेल्या देवदेवेश्वराच्या मंदिराजवळ उभं राहिलं की पायथ्याला सारसबाग, पलीकडे दाटीवाटीच्या पेठा आणि नैऋत्येला सिंहगड. सारसबागेच्या जागी तेव्हा तळं होतं, हे ठाऊक असेल तर बघण्याची गोडी वाढते. १८१७ च्या खडकीच्या लढाईच्या वेळी दुसरा बाजीराव इथूनच रणांगणाकडे बघत होता. उत्तरेला खडकीच्या दिशेनं पाहिलं की ते अंतर कळतं, आणि मला दर वेळी गलबलून येतं.

वेताळ टेकडी पर्वतीपेक्षा उंच, शहरातली सगळ्यात उंच. पण इथे पेठा लांब जातात. दिसतं ते वाढलेलं पुणं: एकीकडे कोथरूड, दुसरीकडे पाषाणचा तलाव. वाट दगडधोंड्यांची, म्हणून बूट आणि पाणी हवंच. बदल्यात जुन्या खाणीतलं पाणी, मोरांची केका आणि भरपूर वारा.

पहिल्यांदा येणाऱ्यानं पर्वतीच गाठावी, तीही सकाळी. ऊन चढलं की धुरकट होतं. पावसानंतरच्या स्वच्छ संध्याकाळी मात्र मी वेताळ टेकडीच निवडेन. पश्चिमेच्या डोंगररांगांमागे सूर्य जातो, आणि खाली कोथरूडचे दिवे एकेक करून लागतात.