योकोहामाची लाल बस: आईबाबांना घेऊन जाणार असाल तर वाचा

आधीच सांगते, जपानमधल्या योकोहामाची आकाईकुत्सु बस म्हणजे युरोपातली ती उघड्या टपाची टुरिस्ट बस समजून जाऊ नका. हेडफोन नाही, गाईड नाही. सिटी बसच आहे, फक्त लाल रंगाची आणि जुन्या धाटणीची, साकुरागिचो स्टेशनवरून निघते आणि बंदराच्या कडेकडेने फिरून परत तिथेच येते. मी गेले तेव्हा तिकीट २२० येन होतं, एक स्टॉप जा नाहीतर दहा जा, तेवढंच. ५०० येनचा दिवसाचा पास पण मिळायचा, तीनदा बसलात की वसूल. पुढच्या दाराने चढायचं, चढतानाच पैसे टाकायचे किंवा सुइका (ट्रेन-बसचं प्रीपेड कार्ड) टेकवायचं, उतरायचं मागून. क्योतोच्या बसला हे नेमकं उलटं असतं, त्यामुळे तिकडून फिरून आलेली मंडळी इथे मागच्या दाराशी जाऊन उभी राहतात आणि दार काही उघडत नाही :)

मग बसायचं कशाला? गुडघ्यांसाठी. नकाशात सगळं जवळजवळ दिसतं पण अख्खा दिवस चालून आईची जी अवस्था होते ती मी दुसऱ्या एका शहरात बघितलीय, परत बघायची नाहीये.

साकुरागिचोला पोचल्या पोचल्या बसच्या रांगेत पळू नका. जपानची पहिली रेल्वे १८७२ साली तोक्योच्या शिंबाशीहून निघून जिथे यायची ते मूळचं योकोहामा स्टेशन हेच. स्टेशनच्या शेजारच्या बिल्डिंगमध्ये इंग्लंडहून आणलेलं त्या काळचं ११० नंबरचं इंजिन ठेवलंय, बघायला पैसे नाहीत. आमचे बाबा रेल्वेतून रिटायर झालेले, तिथून हलायलाच तयार नव्हते, वर "आपली बोरीबंदर-ठाणे १८५३ ची, आपण यांच्या १९ वर्षं आधी" हे येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचं तेवढं बाकी होतं.

पहिला मोठा स्टॉप लाल विटांची गोदामं. १९११ आणि १९१३ ची कस्टमची गोदामं, आता आत दुकानं आणि कॅफे. दुकानं ठीकठाक, महाग आहेत, मी तरी काही घेतलं नाही. पण बाहेर उभं राहून दोन्ही इमारती नीट बघा, एक लांबलचक आणि दुसरी जेमतेम तिच्या अर्धी. १९२३ च्या भूकंपात हिचा मोठा भाग पडला, उरला तेवढाच ठेवलाय. इथून ओसानबाशीच्या धक्क्यापर्यंत सपाट, समुद्राकाठचा रस्ता आहे, तेवढ्यासाठी बस नका घेऊ, चाला. ओसानबाशी म्हणजे क्रूझ जहाजांचं टर्मिनल, पण त्याचं छप्पर हाच लाकडी फळ्यांचा डेक आहे, पायऱ्यांऐवजी उतार, त्यामुळे म्हातारी माणसं आणि बाबागाडीवाले दोघंही आरामात वर जातात.

खरा मुक्काम करायचा तो यामाशिता पार्कात. भूकंपाचा राडारोडा समुद्रात टाकून ही जागा केली आणि १९३० ला पार्क उघडलं. एका टोकाला घुमटाची छोटीशी छत्री दिसेल, बरेच जण तिच्यापुढे सेल्फी काढून पुढे जातात, थांबा आणि मान वर करून आतून बघा, घुमटाला मोझेकच्या रंगीत फरशा आहेत. ही आपल्या लोकांनी बांधून दिलेली पाणपोई. भूकंपात इथले भारतीय व्यापारी पण उद्ध्वस्त झाले, बरेचसे कोबेला निघून गेले, तेव्हा योकोहामाच्या लोकांनी त्यांना मदत करून परत आणलं, त्याचे आभार म्हणून. आई तिथे बराच वेळ काहीच बोलली नाही, मग म्हणाली, "पाणपोईच बांधली बघ, पुतळा नाही."

समोरच हिकावा मारू ही बोट उभी आहे, १९३० ची, सिअॅटलला जायची, १९३२ मध्ये चार्ली चॅप्लिन हिनेच परत गेला. आता कायमची नांगरून म्युझियम केलीय. पहिल्या वर्गाचं डायनिंग आणि तिसऱ्या वर्गाच्या एकावर एक बंकांच्या खोल्या पाठोपाठ बघितल्या की बाकी काही सांगावं लागत नाही. जहाज ज्या निप्पॉन युसेन कंपनीचं, तिचा पहिला लांबचा मार्ग कुठला माहितीये? मुंबई! १८९३ साली जमशेटजी टाटांबरोबर मिळून, जपानच्या गिरण्यांना कापूस न्यायला, कारण पी अँड ओ या ब्रिटिश जहाज कंपनीवाले भाडं अव्वाच्या सव्वा लावायचे. आत जिने अरुंद आणि उभे आहेत, गुडघेवाल्यांनी इंजिन रूम सोडून द्यावी.

आणि आता जिथे बस खरोखर पैसे वसूल करून देते ती जागा, टेकडीवरचं मिनातो नो मिएरु ओका पार्क. खालून चढण दमवणारी आहे, बस तुम्हाला थेट वर सोडते. गुलाबाची बाग, खाली अख्खं बंदर, बे ब्रिज, आणि आजूबाजूला जुन्या गोऱ्यांचे बंगले. ब्रिटिश कॉन्सुल जनरलचा १९३७ चा बंगला तर फुकट बघता येतो. बसला फार गर्दी असेल तर मोतोमाची-चुकागाई स्टेशनचं सहा नंबरचं एक्झिट धरा, तिथून लिफ्टने थेट टेकडीवरच्या अमेरिकायामा पार्कात निघता, मग फार चढावं लागत नाही.

चायनाटाऊन बसच्या वाटेवरच आहे. बघायला मजा, पण शाकाहारी माणसाने उपाशी पोटी जाऊ नये एवढंच म्हणेन. बनमध्ये भाज्या दिसल्या तरी डुकराचं मटण असू शकतं, विचारल्याशिवाय तोंडात टाकू नका. आम्ही घरून थेपले नेले होते, पार्कातल्या बाकावर बसून खाल्ले.

उणं काय? बस संध्याकाळी लवकर आटपते, आणि योकोहामाचे दिवे तर अंधार पडल्यावरच बघायचे, म्हणजे परतीला मिनातोमिराई लाईनची ट्रेन धरावी लागते (ती थेट तोक्योतल्या शिबुयाला जाते, त्यामुळे तसं काही बिघडत नाही). दुसरं म्हणजे सान्केएन बाग या फेरीत नाही. रेशमाचा व्यापारी हारा तोमितारो याची ती बाग, १९१६ ला टागोर जपानला आले तेव्हा तिथे राहिले होते. तिच्यासाठी साकुरागिचोहून ८ नंबरची साधी सिटी बस घ्यायची आणि वेगळा अर्धा दिवस ठेवायचा, एकाच दिवसात कोंबायला जाऊ नका.

शनिवार-रविवारी बस खचाखच भरते, मधल्या दिवशी जा, फक्त सोमवार नको, हिकावा मारू बंद असते.