गाईंचे कप्पे: बाकी सगळं ठीक, मानेच्या पाइपने घात केला

गेल्या आठवड्यात भिंतीकडच्या रांगेत आमची सगळ्यात मोठी गाय कप्प्यात, म्हणजे एकेका गाईला बसायला पाइपांनी आखलेल्या जागेत, अडकून पडली. पुढे सरकली, उठायला जागा मिळेना, धडपडून दमली. उभी गाय फार पुढे जाऊ नये म्हणून कप्प्यावर आडवा लावलेला मानेचा पाइप असतो, त्याचे क्लॅम्प सोडायला गेलो तर नट गंजून चिकटलेले. शेवटी पाइप कापून तिला मोकळी केली. गाय बरी आहे, पण माझी तिडीक गेलेली नाही, म्हणून सविस्तर लिहितो.

लूप म्हणजे दोन कप्प्यांमधली वाकवलेल्या पाइपची आडकाठी आणि मॅट म्हणजे गाईखाली अंथरायचं रबर. आमच्या गाई मोठ्या हाडाच्या आणि वासरं आईजवळच राहून पिणारी. कप्पे बसवणाऱ्याला हे दोन्ही आधीच सांगितलं होतं. त्याने लहान गाईंचं तयार माप आणलं आणि तेच ठोकलं. रुंदी 4 फूट, ती बरोबर. मानेचा पाइप मात्र कप्प्याच्या मागच्या कडेच्या कट्ट्यापासून 5 फुटांवर, उंची साडेतीन फूट. विचारलं तर म्हणे, "आम्ही सगळीकडे असंच लावतो."

साडेसहाशे-सातशे किलोच्या गाईला हा पाइप मागून साधारण 5 फूट 8 इंचांवर आणि निदान 4 फूट उंच लागतो. गाय उठते कशी ते नीट बघा. आधी पुढच्या गुडघ्यांवर येते, डोकं पुढे झोकते आणि त्या झोकाने मागचा भाग उचलते. या झोकाला पुढे अडीच-तीन फूट मोकळे हवेत. रांगा समोरासमोर असतील तर दोघी एकमेकींची जागा वापरतात, म्हणून 8 फुटांचा कप्पा चालतो. समोर भिंत असेल तर 9 फूट लागतात. आमच्या दोन्ही प्रकारच्या रांगा 8 फुटी.

पाइप मागे असला की गाय पुढचे पाय कप्प्यात आणि मागचे शेणात ठेवून तासन् तास उभी राहते. लांबून वाटतं, निवांत रवंथ चाललाय. खरं तर तिने दिवसातले 12 ते 14 तास बसून काढायला हवेत. उभं राहून खुरांवर भार येतो, ओल्यात खूर मऊ पडतात आणि मग लंगडणं सुरू होतं. मी आता सकाळी गोठ्यात शिरलो की आधी एवढंच बघतो, किती बसल्यात आणि किती अर्ध्या आत, अर्ध्या बाहेर.

समोरासमोरच्या रांगेतला पाइप मी स्वतः पुढे आणि वर सरकवला. तिथल्या गाई आता आत शिरतात त्या थेट बसायलाच. तोटाही सांगतो: गाय पुढे उभी राहते, त्यामुळे शेण मॅटवर जास्त पडतं. बसवणाऱ्याचा मुद्दा हाच होता आणि तो खोटा नाही. पण दोन वेळा मॅटवरचं शेण ओढणं मला चालेल, लंगडी गाय चालणार नाही. बसलेली गाय फार पुढे सरकू नये यासाठी छातीजवळ आडवी पट्टी असते, ती 4 इंचांपेक्षा उंच घेऊ नका, नाहीतर उठताना पुढचा पाय टाकता येत नाही.

रबर मॅटचं सुरुवातीला मी सगळ्यांकडे कौतुक करत होतो. आता मत बदललंय. मॅट फाटली नाही, सरकली नाही, पण कडक आहे. बऱ्याच गाईंच्या मागच्या पायांच्या सांध्यावरचे केस गेले, काहींना सूज आली. घेण्याआधी मॅटवर स्वतः धपकन गुडघे टेकून बघा, दुखलं तर गाईलाही दुखणार. कोरड्या भुशाचा थर टाकायला लागल्यापासून सूज उतरतेय, पण तो खर्च कायमचा मागे लागला.

वासरांचा विचार नकाशात अजिबात नव्हता. ती कप्प्यात पार पुढे जाऊन बसतात आणि आईचं डोकं येतं तिथेच शेण टाकतात. शेवटी एका कोपऱ्यात कोरडं काड पसरून फक्त वासरू शिरेल एवढ्या फटीचं फाटक लावलं, तेव्हापासून ती तिकडेच लोळतात. व्यायला आलेली गाय तर कप्प्यांत ठेवूच नका, वासरू शेणाच्या वाटेत पडतं. तिला काडाची वेगळी मोकळी जागा द्या.

लूपबद्दल तक्रार नाही. जमिनीत पाय गाडलेला प्रकार घेतला नाही हे बरं झालं, तो शेण-मुताने जमिनीलगतच सडतो. गंज चढलाय तो जागेवर कापलेल्या टोकांना आणि स्वस्तातल्या नटबोल्टांना. बसवणारा म्हणतो, तुम्ही एक पाइप हलवलात, आता हमी संपली. चुकीच्या मापावर लावलेला पाइप हलवायचा नाही तर काय करायचं? नव्या पाइपचे पैसे मी देणार नाही, हे त्याला लेखी कळवलंय. तोवर भिंतीकडची रांग बंद ठेवलीय आणि गाईला उठताना डोकं झोकायला जागा मिळावी म्हणून भिंत तिच्या डोक्याच्या उंचीला फोडायला काढलीय.