बनी मन्रो कानांनी वाचावा

ऑस्ट्रेलियन गायक-लेखक निक केव्हची 'द डेथ ऑफ बनी मन्रो' ही कादंबरी घ्यायचा विचार असेल, तर छापील प्रत राहू द्या, ऑडिओबुक घ्या. २००९ मध्ये पुस्तकाबरोबरच ते निघालं. पूर्ण संहिता, वाचणारा खुद्द केव्ह आणि मागे त्याचं नि त्याचा साथीदार वॉरन एलिसचं संगीत. मी मालिकांचे संवाद लिहिते. दिवसभर लोकांच्या तोंडी वाक्यं घालायची आणि मग नट मंडळी ती कशी मोडतात ते बघायचं, असा हा धंदा. त्यामुळे एखादा लेखक स्वतःची वाक्यं स्वतः म्हणायला उभा राहिला की मी जरा संशयानेच ऐकते. बहुतेकांना आपल्या प्रत्येक शब्दाचं भारी कौतुक असतं, ते आवाजात कळतं. केव्हचा आवाज खर्जातला, कोरडा. कित्येक वर्षं माइकसमोर काढलेल्या माणसाला श्वास कुठे घ्यायचा हे शिकवावं लागत नाही.

ज्यांना तो ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. जन्म १९५७ चा, ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया राज्यातल्या वॉरॅकनाबील या छोट्या गावातला. वडील शिक्षक, इंग्रजी शिकवायचे, पोराला साहित्याची गोडी त्यांनीच लावली. पोरगं विशीच्या आसपासचं असताना घरफोडीच्या भानगडीत पोलीस ठाण्यात बसलेलं, आई जामीन द्यायला आलेली, आणि तिथेच वडील मोटार अपघातात गेल्याची बातमी आली. पुढे 'द बर्थडे पार्टी' हा बँड, लंडन, मग पश्चिम बर्लिन, आणि १९८३ पासून 'बॅड सीड्स'. बायबल, खून, प्रेम आणि देवाशी भांडण हा त्याच्या गाण्यांचा कायमचा ऐवज.

तर बनी मन्रो. इंग्लंडमधल्या ब्रायटनच्या आसपास दारोदार फिरून बायकांना सौंदर्यप्रसाधनं विकणारा फिरता विक्रेता. दारुडा, आणि बाईवेडा तर इतका की किळस यावी. त्याची बायको लिबी आत्महत्या करते आणि हा बाप नऊ वर्षांच्या मुलाला पिवळ्या फियाट पुंटोत घालून धंद्याला निघतो. दुःख, अंत्यविधी, घर, मुलाची शाळा, सगळं मागे टाकून. बाप गिऱ्हाइकाच्या घरात शिरला की मुलगा गाडीत बसून आईने दिलेला विश्वकोश वाचतो. त्याच्या पापण्यांना आजार आहे, डोळ्यांत औषधाचे थेंब घालायला हवेत. बाप थेंब आणायचं विसरतो. परत विसरतो. आणि मुलगा त्याबद्दल तक्रारीचा शब्द काढत नाही, कारण त्याच्या लेखी बाप म्हणजे जगातला सर्वांत भारी माणूस.

कागदावर वाचताना हा मुलगा अधूनमधून हातातून निसटतो, कारण दोन पानं त्याची झाली की वीस पानं बनीच्या वखवखीची. तेच तेच अवयव, त्याच त्याच कल्पना. कायली मिनोग आणि ॲव्हरिल लव्हीन या दोन गायिका तर बनीच्या डोक्यात इतक्या येऊन जातात की केव्हने पुस्तकाच्या शेवटी दोघींची माफी मागितली आहे. (कायलीबरोबर त्याने १९९५ मध्ये एक गाजलेलं युगुलगीत गायलं होतं. माफी मागणं भागच होतं म्हणा.) ऐकताना मात्र हिशेब बदलतो. वखवखीची वाक्यं त्याच कोरड्या सुरात येतात, कुठे डोळा मारणं नाही, चेकाळणं नाही, त्यामुळे बनी विनोदी न वाटता भेदरलेला वाटायला लागतो. छापील पानावर मला हा माणूस नुसता घाणेरडा वाटला होता. कानात तो घाबरट निघाला, आणि कादंबरी त्याच भीतीची आहे.

एक खोड ऑडिओतही जात नाही. अंगाला लाल रंग फासून, शिंगं लावून, हातात काटा घेऊन फिरणारा एक खुनी टीव्हीच्या बातम्यांतून उत्तरेकडून दक्षिणेला, म्हणजे बनीच्या दिशेने सरकत राहतो. सैतान येतोय, कळलं. पहिल्याच वेळी कळलं होतं. माझ्या हाती कात्री असती तर हे उपकथानक सगळ्यात आधी गेलं असतं.

आणखी एक गोष्ट सांगून ठेवते. २०१५ मध्ये केव्हचा पंधरा वर्षांचा मुलगा ब्रायटनजवळच्या कड्यावरून पडून गेला. पुस्तक त्याच्या सहा वर्षं आधीचं, दोन्हींचा काही संबंध नाही, जोडूही नये. तरी बाप-मुलाची प्रकरणं केव्हच्या आवाजात ऐकताना मी मधे एकदोनदा बंद केली.

ही गोष्ट मुळात पटकथा म्हणून सुरू झाली होती, दिग्दर्शक जॉन हिलकोटसाठी. ते ठाऊक झालं आणि माझा एक जुना ग्रह पक्का झाला: केव्हला घड्याळ लागतं. गाणं चार-पाच मिनिटांत संपवावं लागतं, पटकथेत पान म्हणजे साधारण मिनिट, मोठ्याने वाचताना श्वास संपतो. कोणीतरी थांबवणारं असलं की हा माणूस भन्नाट लिहितो. कादंबरीत थांबवणारं कुणी नसतं. त्याची पहिली कादंबरी 'अँड द ॲस सॉ द एंजल' १९८९ ची. तिचा नायक युक्रिड युक्रो मुका आहे, अमेरिकी दक्षिणेतल्या एका कडव्या पंथाच्या खोऱ्यात जन्मलेला, जुळ्यातला मागे उरलेला, आणि चिखलात रुतता रुतता आपली कहाणी सांगणारा. जन्मभर एक शब्द न बोललेला माणूस मनातल्या मनात मात्र बायबली भाषेचा धबधबा सोडतो. कल्पना अफाट आहे. पण वादळ, जुळी मुलं, त्यातलं एक मेलेलं, हाच ऐवज केव्हने १९८५ च्या 'ट्युपेलो' या गाण्यात सातेक मिनिटांत उरकलाय, आणि त्या गाण्याने आजही काटा येतो. कादंबरी मी नेटाने संपवली, एवढंच म्हणते.

या उलट 'द प्रपोझिशन' हा सिनेमा, २००५ चा. हिलकोटला ऑस्ट्रेलियाच्या माळरानावरचा वेस्टर्न करायचा होता, केव्हकडे आधी फक्त संगीत होतं. मनासारखी पटकथा मिळेना, तेव्हा हिलकोट म्हणाला, तूच लिही. केव्हने तीन आठवड्यांत लिहून दिली. १८८० चं दशक, क्वीन्सलंड. कॅप्टन स्टॅनलीच्या ताब्यात दोन भाऊ, चार्ली आणि धाकटा मायकी. चार्लीसमोर ठेवलेला सौदा असा: नाताळपर्यंत तुझ्या थोरल्या भावाला, आर्थरला मार, नाहीतर मायकी फासावर. पहिल्याच प्रवेशात हे मांडून होतं, आणि पुढचा सगळा सिनेमा त्या दोन-चार वाक्यांवर उभा राहतो.

त्यातला फटक्यांचा प्रसंग मी धंद्याच्या नजरेने कितीदा तरी पाहिला आहे. गाव जमलंय, लोकांना रक्त बघायचंय. कोवळ्या मायकीच्या पाठीवर चाबूक पडतोय. दूर डोंगरात टोळीतला एक जण एक जुनं लोकगीत म्हणतोय, सुरेल, हळवं, आणि तेच गाणं फटक्यांवर चालू राहतं. मधेच फटके मारणारा थांबतो आणि चाबकाच्या वाद्या मुठीत धरून रक्त पिळून काढतो, ओलं फडकं पिळावं तसं. बघायला आलेली माणसं माना खाली घालून निघू लागतात. तिथे भाषण लिहायचा मोह कुणालाही झाला असता. मला तर नक्कीच, आमच्या मालिकेत याच जागी स्टॅनली तीन मिनिटं बोलला असता. केव्हने गाणं ठेवलं आणि सगळ्यांना गप्प केलं.

'लॉलेस' (२०१२) ही हिलकोटबरोबरची पुढची पटकथा, दारूबंदीच्या काळातल्या व्हर्जिनियातल्या भावांची, दुसऱ्याच्या कादंबरीवरून. चोख आहे, पण केव्हचा हात त्यात ओळखू येत नाही. त्याच्या आधी नट रसेल क्रोने त्याला आपल्या 'ग्लॅडिएटर'चा दुसरा भाग लिहायला लावला होता. नायक पहिल्याच भागात मेलाय, ही अडचण केव्हने त्याला परलोकात पाठवून सोडवली, तिथे रोमन देव भेटवले आणि शेवटी युद्धामागून युद्ध पार करत थेट अमेरिकी संरक्षण खात्याच्या पेंटॅगॉनपर्यंत आणला. ती पटकथा नाकारली गेली. मला विचाराल तर तिचंही ऑडिओबुक त्याने वाचावं, मी पैसे मोजीन.

खरेदीपुरतं सांगायचं तर बनी मन्रो हेडफोन लावूनच ऐका. आवाज डाव्या-उजव्या बाजूंनी, डोक्यामागून फिरतील असं ध्वनिमुद्रण केलंय आणि स्पीकरवर त्यातलं निम्मं वाया जातं. शिवाय घरात लहान मूल असेल तर स्पीकरवर लावायची सोयच नाही, पहिलंच प्रकरण तसं आहे. २०२५ मध्ये या कादंबरीवर नट मॅट स्मिथला घेऊन ब्रिटिश टीव्ही मालिका आली, पण पटकथा केव्हची नाही, पीट जॅक्सनची. दोन्ही करायचं असेल तर मालिका आधी उरका. ऑडिओबुक आधी ऐकलंत तर मॅट स्मिथने तोंड उघडलं की तुम्हाला केव्हच ऐकू येणार.