झोटेरो आणि प्रबंधाची संदर्भसूची : काही महिन्यांच्या वापरानंतर

मराठवाड्यातील संतसाहित्यावर पीएच.डी.चे काम करताना झोटेरो हे संदर्भ सांभाळणारे मोफत सॉफ्टवेअर मी गेले काही महिने रोज वापरतो आहे. ते अंगवळणी पडले याचे श्रेय सॉफ्टवेअरइतकेच ते शिकविण्याच्या पद्धतीला जाते. पूर्वी एका संस्थेच्या कार्यशाळेत सभागृहभर लोकांना पडद्यावर बटणे दाखविण्यात आली होती. उदाहरणे सगळी वैद्यकशास्त्रातील इंग्रजी शोधनिबंधांची, आणि शेवटी प्रमाणपत्रवाटप. छत्रपती संभाजीनगरातील अलीकडच्या वर्गात मात्र प्रशिक्षकांनी प्रत्येकाकडून प्रबंधाचे एक प्रकरण आधीच मागवून घेतले आणि त्यातल्या अडचणींवरूनच वर्ग आखला.

डीओआय, म्हणजे शोधनिबंधाचा कायमस्वरूपी डिजिटल ओळखक्रमांक, टाकताच नव्या शोधनिबंधाची नोंद आपोआप भरते, हे कोणीही शिकवील. आमची ग्रंथसंपदा निराळी आहे. जुन्या मराठी पुस्तकांना आयएसबीएन (पुस्तकाचा आंतरराष्ट्रीय ओळखक्रमांक) नसतो, त्यामुळे नोंद हातानेच करावी लागते, आणि पैठणच्या एकनाथांचे नाव नोंदविताना आडनावाच्या रकान्यात काय लिहावे हा प्रश्न उरतोच. नावाचे दोन रकाने एक करण्याची सोय शेजारच्या लहानशा बटणात आहे, हे त्या वर्गात कळले आणि सूचीतील कितीतरी नोंदी सुधारता आल्या.

दुसरी अडचण फॉन्टची. श्रीलिपीसारख्या जुन्या पद्धतीने टंकलिखित झालेल्या पीडीएफमधील मजकूर डोळ्यांना मराठी दिसतो, पण नक्कल करून चिकटविला की निरर्थक रोमन चिन्हे उमटतात. साहजिकच त्यात ‘भागवत’ शोधून काही सापडत नाही. अशा फायलींवर देवनागरी ओसीआर (चित्रातील अक्षरे ओळखून त्यांचा शोधता येणारा मजकूर करणारे तंत्र) कसा चालवावा, हे आमच्याच फायली घेऊन दाखविले गेले. पुसट छपाईत जोडाक्षरे चुकतात, तेव्हा उतारा मुळाशी ताडून पाहण्याला पर्याय नाही.

उणिवाही आहेत. संदर्भ मांडण्याची इंग्रजी शैली निवडल्यास मराठी सूचीतही ‘एट अल.’ (‘आणि इतर’) रोमनमध्येच येते. फायलींसाठी विनामूल्य जागा केवळ 300 एमबी मिळते, जी स्कॅन केलेल्या दोन-चार पोथ्यांतच संपते. मात्र नोंदींचे समक्रमण (सिंक) त्यात मोजले जात नाही, म्हणून मी फायली बाह्य डिस्कवर ठेवतो. इंटरनेट नसतानाही काम अडत नाही, ही गावाकडे राहून लिहिणाऱ्याच्या दृष्टीने मोठीच सोय. मोडीतील कागद आणि निजामकालीन उर्दू दफ्तर यांच्या नोंदी कशा कराव्यात हे वर्गात राहून गेले. त्यासाठी अर्धा दिवस वेगळा द्यावा, असे आम्ही प्रशिक्षकांना कळविले आहे.