स्कॉटलंडला जायलात? मग जुना गोल्फ कोर्स चालायचा की नवा

आपल्याकडची पोरं आता डंडी, एडिनबरो, ग्लासगो सगळीकडं शिकायलेत, त्यामुळं लातूर-नांदेडकडचे आईबाप मे-जूनमधे तिकडं चक्कर मारायलेत, आणि मला हमखास एकच प्रश्न यायलाय, की सेंट अँड्र्यूजला जायचंय, दिवस एकच आहे, तर तिथला जुना गोल्फ कोर्स म्हणजे ओल्ड कोर्स चालावा की जवळचा नवा, किंग्जबार्न्स? प्रश्न रास्त आहे. दोन्ही समुद्राकाठी, मधलं अंतर साधारण ११ किलोमीटर, पण पायाखाली घेतले की दोन वेगळे मुलूख. आधी नुसतं चालणाऱ्यांचं सांगतो, खेळणाऱ्यांचं नंतर.

ओल्ड कोर्स पहिल्यांदा बघितला की, खरं सांगू का, काहीच वाटत नाही. गावाला खेटून एक हिरवं मोकळं रान, त्यातून चक्क एक रस्ता आडवा गेलाय, माणसं निवांत ये-जा करायलेत, आणि पहिला होल नि अठरावा होल (होल म्हणजे बॉल मारत नेऊन भोकात टाकायचा एकेक टप्पा) एकाच मैदानात शेजारी शेजारी. समुद्र आहे, पण मधे दुसरे कोर्स आणि वाळूचे उंचवटे, म्हणून बराच वेळ अंगाला वारा तेवढा लागतो, पाणी काही नजरेस पडत नाही. आमच्या सोबतचे एक काका तर तिथंच म्हणले, "अरे हे तर आपलं माळरान की, एवढ्या लांब कशाला आणलंस?"

चालायला लागलं की मात्र गंमत सुरू होते. लांबून सपाट दिसणारी जमीन पायाला एक पाऊल सरळ पडू देत नाही, सगळीकडं बारीक चढउतार, आणि हे कुणी मशीन लावून केलेलं नाही, वाऱ्यानं वाळू उडून तयार झालेलं आहे. बंकर ११२ आहेत म्हणे, म्हणजे वाळूचे खड्डे. चौदाव्या होलवर जो हेल बंकर आहे त्याच्या कडेला उभं राहून खाली बघा, माणूस आत उतरला तर डोक्यासकट गायब. छोट्या बंकरच्या भिंती जवळून बघण्यासारख्या, गवतासकट कापलेले मातीचे चौकोन थरावर थर रचलेत, कडेला हात लावला की थर मोजता येतात. आणि पूर्वी हा कोर्स उलट्या दिशेनंही खेळायचे, त्यामुळं काही बंकर जाताना दिसतच नाहीत, मागं वळून बघितलं की एकदम समोर येतात. ग्रीन, म्हणजे भोकाभोवतीची बारीक कापलेली हिरवळ, पण अशाच अजब, सात मोठ्या ग्रीनवर दोन-दोन होल, मैदानाएवढी एकेक.

मुख्य गोष्ट म्हणजे रविवारी इथं खेळ बंद असतो आणि कोर्स सगळ्यांना फिरायला मोकळा, फुकट! बायाबापड्या, लेकरं, कुत्री, सगळे मधोमध फिरायलेत, अठराव्या होलवरच्या जुन्या दगडी स्विल्कन पुलावर फोटोला रांग. फक्त मोठी स्पर्धा असली तर रविवारीही खेळ असतो, आणि २०२७ च्या जुलैमधे ओपन नावाची गोल्फची मोठी स्पर्धा तिथंच आहे, तेव्हा त्या महिन्यात जाणार असाल तर आधी वेबसाइट बघा. जमीन वाळूची असल्यानं पाऊस होऊन गेला तरी चिखल नाही, आपल्या काळ्या रानात एक सर आली की चप्पलला किलोभर माती चिकटून येते, तसला प्रकार नाही, म्हणून गुडघे दुखणाऱ्यांनी पण बिनधास्त जावं. पूर्ण फेरी सहा-सात किलोमीटर होते, पण अर्ध्यातून वळायला कोण अडवतंय.

आता किंग्जबार्न्स. हा पहिल्या नजरेत मारतो. कॅलेंडरवर असतो ना समुद्राकाठचा गोल्फ कोर्स, अगदी तसाच, जवळपास प्रत्येक होलवरून पाणी दिसतं, आणि बारावा होल तर किनाऱ्याच्या वळणासोबत डावीकडं वळत वळत जातो, खडक, लाटा, हिरवळ सगळं एका रांगेत. मोठे मोठे वाळूचे उंचवटे बघून वाटतं हे हजारो वर्षांचं असणार. नाही! कोर्स २००० साली उघडला आणि हे उंचसखलपण काइल फिलिप्स नावाच्या डिझायनरनं मशिनी लावून बनवून घेतलं, त्याआधी तिथं शेती होती. मला तर यातच लई मजा वाटली, आपल्याकडं पिढ्या गेल्या बांधबंदिस्ती आणि सपाटीकरणात, जेसीबीचं भाडं देऊन खड्डे बुजवायलोत, आणि इकडं ह्या लोकांनी चांगलं वहितीचं रान घेतलं आणि पैसे घालून त्याला उंचवटे काढले. तशी जागा गोल्फला नवी नव्हती बरं का, १७९३ पासून तिथं खेळल्याच्या नोंदी आहेत, दुसऱ्या महायुद्धात किनाऱ्याच्या बंदोबस्तासाठी तिथला आधीचा कोर्स गेला तो गेलाच.

अडचण अशी की हा खाजगी धंदा आहे, मधे घुसून फिरता येत नाही. स्कॉटलंडच्या २००३ च्या कायद्यानं गोल्फ कोर्स ओलांडून जायचा हक्क आहे, पण ग्रीनवर पाय ठेवायचा नाही आणि रेंगाळायचं पण नाही. त्यापेक्षा फाइफ कोस्टल पाथ धरा, ती पायवाट कोर्सच्या समुद्राकडच्या कडेनंच जाते. गावातून बीचवर उतरायचं आणि क्रेल गावाच्या दिशेनं निघायचं, एका हाताला समुद्र, दुसऱ्या हाताला कोर्स, आणि "फोर!" अशी आरोळी आली तर वर बघत बसू नका, डोकं झाकून खाली वाका, बॉल यायलाय असा त्याचा अर्थ. वाट ओबडधोबड आहे, दगड, ओलं गवत, वारा, म्हणून जून असला तरी विंडचीटर पाहिजेच, आपल्याकडं उन्हानं जीव जायलेला असतो म्हणून लोक नुसत्या सुती कपड्यावर जातेत आणि दातखिळी बसते.

तर रविवार मिळत असेल तर डोळे झाकून ओल्ड कोर्स. कोर्सच्या मधोमध चालायला मिळणं ही गोष्ट किंग्जबार्न्सला पैसे टाकल्याशिवाय होत नाही. दुसरा वार असेल तर उलटं, ओल्ड कोर्सवर तेव्हा खेळ चालू, कडेकडेनं पुलापर्यंत नजर टाकून या आणि बस पकडून किंग्जबार्न्सच्या किनाऱ्यावर जा. आणि सोबत कुणी गोल्फची पत्रास न ठेवणारं असेल, फक्त समुद्र बघायचाय म्हणणारं, तर वार कोणता का असेना, नवाच दाखवा, जुन्यावर ते तोंड वाकडं करणार हे लिहून घ्या.

खेळणाऱ्यांचं गणित वेगळं. ओल्ड कोर्सची फी सीझनमधे ३०० पौंडाच्या वर, हँडिकॅपचा, म्हणजे तुमचा खेळ किती तयार आहे त्या आकड्याचा, पुरावा लागतो, आणि आधी बुकिंग नसेल तर दोन दिवस आधी चिठ्ठीत नाव टाकून नशिबाची वाट बघायची. किंग्जबार्न्स स्वस्त नाहीच, पण आधी तारीख पक्की करता येते, आणि लांबून तिकीट काढून जाणाऱ्याला तेच सोयीचं. दोन्हीकडं चालतच खेळायचं, बग्गी, म्हणजे कोर्सवर फिरायची छोटी गाडी, फक्त मेडिकल कारण असेल तर. खिशाला जरा हलका आणि समुद्र भरपूर पाहिजे तर २००८ साली झालेला कासल कोर्स बघा, तो कड्यावर आहे, चढ मात्र दम काढतात. आणि बुकिंग करताना सेंट अँड्र्यूजच्याच एका कोर्सचं "न्यू कोर्स" नाव बघून नवा समजून पैसे भरू नका, तो १८९५ चा आहे.